बेई म्हणजे देणं

अनघा पुण्याहून सिंगापूरला आली, तेव्हा तिचा संशयी स्वभावही सामानाबरोबर उतरला. क्वीन्सटाउन भागातल्या तिच्या फ्लॅटसमोर लाम पोपो राहायच्या. पोपो म्हणजे कँटनीजमध्ये आजी. बालवाडी सुटली की अनघाची पाच वर्षांची लेक जाई त्यांच्याकडे असे. ऑफिसातून आल्या आल्या अनघा आधी लेकीचा डबा हुंगायची, मग हातपाय तपासायची. तरी चैन पडेना. पोपो फोनवर चिनीत कुजबुजतात ते कशाबद्दल? म्हणून अनघाबाई मेट्रोत अ‍ॅपवरून चोरून कँटनीज शिकू लागल्या.

चाळीसेक शब्द झाले असतील. गुरुवारी ती दाराशी पोचली, तर पोपो दबक्या आवाजात फोनवर म्हणत होत्या, "जाई बेई यान हा."

बेई म्हणजे देणं. यान म्हणजे माणूस. 'हा' अजून शिकून झालं नव्हतं, पण जाई, देणं आणि माणूस एवढं पुरे होतं. अनघा तशीच आत घुसली आणि इंग्रजीत ओरडली, "माझी मुलगी कुणाला देताय?"

पोपोंनी फोन ठेवला. "बेई इज गिव्ह, करेक्ट. बट बेई यान हा, दॅट वन केना बुली लाह."

केना म्हणजे वाट्याला येणं, हे इथे राहून अनघाला ठाऊक होतं. बालवाडीतली दोन मुलं जाईला रोज ढकलत, छळत होती. हे आईच्या कानावर घालायचं कसं, ते पोपो फोनवर आपल्या लेकीला विचारत होत्या.

"देण्याचा अर्थ असा कसा होईल?" अनघाचा संशय फिटेना.

"लास्ट टाइम, लाँग अगो, ओन्ली गिव्ह. पीपल टॉक, टॉक, बिकम लाइक दिस."

भाषा आहे की चेष्टा! अनघाने जाईला जवळ ओढलं. "मला का नाही सांगितलंस गं?"

"आय टेल यू ऑलरेडी, मंडे. यू से, 'जाऊ दे'," जाई म्हणाली.

सोमवारी अनघा लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली होती. मान वर न करताच म्हणाली होती, जाऊ दे गं. त्या 'दे'ने तरी लेकीला काय दिलं होतं? तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता सांग, मी ऐकते."

सांगू की नको, असं विचारल्यासारखं जाईने आधी पोपोंकडे बघितलं.