तबकडीवरची तांबडी रेघ
कॉफी जराशी करपल्याचा वास आला की मला शिरूरचं सासरचं स्वयंपाकघर आठवतं आणि अजूनही कान तापतात. सासूबाई मिशन बंगल्यात स्वयंपाक करायच्या. तिथल्या मडमेनं मायदेशी परतताना त्यांना आपलं कॉफीचं यंत्र दिलं होतं. ते स्टोव्हवर ठेवायचं, आत वाफ कोंडली की तिच्या जोरानं कॉफी कपात उतरायची. आमचे हे दौंडच्या रेल्वे इंजिनशेडात फिटर. यांनी भंगारातली, वाफेचा दाब दाखवणारी काट्याची तबकडी त्याला बसवली आणि कित्येक रविवार कॉफी चाखून तिच्यावर तांबडी रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे कॉफी पाणचट, पलीकडे करपट. माझं लग्न नुकतंच झालं होतं, तेव्हा एका रविवारी चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि सगळे स्वयंपाकघरातच बसले. "काटा रेघेवर आला की स्टोव्हची हवा सोड, इसरू नको," यंत्र स्टोव्हवर चढवून यांनी मला बजावलं. तेवढ्यात पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि ती काही संपेना. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी मात्र काट्याकडे बघत होते. काटा रेघेला टेकला, मी चावी फिरवली आणि त्या शांततेत केवढ्यानं तरी फुस्स झालं. आमेन म्हणताच सासूबाई कडाडल्या, "प्रार्थनेत डोळं उघडं व्हतं व्हय गं तुझं? आईनं हेच शिकिवलं का?" मी यांच्याकडे पाहिलं. 'मीच सांगितलं होतं,' एवढंच यांनी म्हणायचं होतं. हे तबकडीकडे बघत म्हणाले, "बराबर रेघेवर हाय." कॉफी फार छान झाली, सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली. मी माझा कप तसाच मोरीत ओतला. आता घरात आम्ही दोघंच आहोत. कॉफी अजून हे स्वतःच करतात, पहिला कप मला देतात, आणि मी घोट घेईपर्यंत मान खाली घालून उभे राहतात.