काठवटीची भेग

आई गेल्यावर दीड महिना तिची पीठ मळायची लाकडी काठवट कुणी वापरली नाही. भिंतीला टेकवलेली ती उन्हाळ्यात वाळत गेली आणि तळापासून काठापर्यंत भेग पडली. वडील त्या दिवसांत दोन घास खाऊन उठत. परातीत मळलेल्या भाकरीला चव नसते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं. पण त्यांचं जेवण तुटत चाललं होतं, म्हणून काठवट सांधायचं ठरवलं.

धाराशिवच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात इपॉक्सी मागितलं.

"टाकी गळती का, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. काठवट चिरलीय."

"काठवट? अजून वापरताव व्हय?" तो हसला. "न्या. लाकूड तुटंल, पण हे सुटायचं न्हाय."

सोबतचा कागद मी दोनदा वाचला. भेगेत जुनं पीठ दगडासारखं बसलं होतं, ते सुईनं उकरलं. आईच्या हातचं ते, टाकायला थोडा वेळ लागला. इपॉक्सीच्या दोन्ही नळ्यांतलं सारख्या मापानं घेऊन त्यात लाकडाचा भुसा कालवला, भेग भरली, पाच दिवस वाळू दिली आणि घासून घेतली. जोड बोटाला लागेना. जास्त उष्णता चालत नाही, अशी एक ओळ कागदावर होती. काठवट काही गॅसवर ठेवायची नाही, असं म्हणून मी ती सोडून दिली.

सहाव्या दिवशी डब्यातलं ज्वारीचं पीठ घेतलं. आईनंच दळून आणलेलं, इतके दिवस तसंच राखून ठेवलेलं. पहिली भाकरी थापतानाच कडेनं फाटली. वडील दारात उभे होते.

"विरी गेली पिठाची," ते म्हणाले. "लई दिवसाचं हाय. उकळतं पाणी वत."

पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो. मग ते उकळत्या पाण्यानंच मळावं लागतं. मी पाणी उकळून ओतलं. मळताना तळहाताला काहीतरी चिकट लागलं. भेगेतली पट्टी मऊ पडून पिठाबरोबर निघत होती. वाफेला औषधासारखा वास होता.

"अण्णा, हे पीठ टाकावं लागेल."

ते वाकून बघत राहिले. "एवढी पुस्तकं वाचतीस माय, अन् भाकरीला कढत पाणी लागतं हे कुठंच लिव्हलं न्हाय व्हय?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

डब्यात दोन भाकरींपुरतं पीठ उरलं होतं. मी परात घेतली. जोर लावला की ती फरशीवर सरकायची. वडील गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिची कड धरली.

"मळ आता."

आई मळत असताना ते असे कधी बसल्याचं मला आठवत नाही.

तव्यावरून उतरलेली भाकरी त्यांनी तिथंच बसून खाल्ली. दुसरी अर्धी मोडून घेतली, अर्धी माझ्याकडं सरकवली. मग रिकामा डबा ओढून त्यात पाहिलं.

"उद्या दळण टाक," ते म्हणाले. "थोडंच टाक. दोघांपुरतं."