न लागणारी गाडी

मला गाडी लागते. लग्नाच्या वेळी हे सासरी कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. बघायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाक विचारला, शिक्षण विचारलं, कन्नड लिहितावाचता येतं का तेही विचारलं. माझं माहेर जुन्या हुबळीत आणि सासर धारवाडात. मधला रस्ता सरळ, त्यामुळे तेवढं अंतर मी खिडकीशी डोळे मिटून, लिंबू हुंगत कसंबसं काढत असे. पण लग्नानंतर कुलदैवताला गोव्याला निघालो आणि घाटातल्या पहिल्या काही वळणांतच मी एसटीत शेजारी बसलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ओकले.

सासरे वकील. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. कोर्टात त्यांच्या आवाजाला लोक दचकत असत म्हणे. मला वाटलं, संपलं आता. अप्पांनी धोतराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या पुढे करून म्हणाले, "आधी चूळ भर. धोतर धुता येतं."

ती माझी आणि त्यांची पहिली खरी ओळख.

पण मी पडले होते भटक्यांच्या घरात. कोर्टाला सुट्टी लागली की अप्पांच्या पायाला भिंगरी लागायची. जोग, बदामी, शिरसी, गोकर्ण. पुढे मुलं झाली, तशी घरची मंडळी भाड्याची गाडी सांगून जाऊ लागली. सासूबाई, ज्यांना धाकट्या भावंडांपासून नातवंडांपर्यंत सगळेच अक्का म्हणत, त्या आदल्या दिवशीच दशम्या आणि शेंगाचटणी करून ठेवत. माझ्यासाठी वेगळी पिशवी असे. तिच्यात आलेपाक, आवळासुपारी, मिठाचं लिंबू आणि गोळ्या. शेजारच्या बाईंनी पोटावर वर्तमानपत्र बांधायला सांगितलं, तेही बांधून झालं. गोळी घेतली तर मी झोपत असे आणि न घेतली तर सगळ्यांना थांबावं लागे. बदामीची लेणी मी पाहिली ती सुजलेल्या डोळ्यांनी, पायरीवर बसून. शेवटी मी एक साधं कारण शोधून काढलं. मी शाळेत शिक्षिका होते. सहल ठरली की म्हणायची, "मला पेपर तपासायचेत, तुम्ही जाऊन या."

खरं सांगायचं तर रिकामं घर मला सुरुवातीला आवडायचंही. पण दुपारी चहा एक कपच करायचा म्हटलं की जीव रमत नसे.

एकदा सगळे जोगहून परत आले. मुलगी तेव्हा सातवीत होती. ती मला धबधब्याचं पाणी कसं पडतं ते हात वरखाली करून सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, तुला आमच्याबरोबर यायला आवडत नाही का गं?"

मी हसून म्हटलं, "आवडतं की. पण गाडीला मी आवडत नाही."

अप्पा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "गाडी घ्यायची. आपली स्वतःची. सहा जण ऐसपैस बसतील अशी व्हॅन. आणि अट एकच, हिला लागता कामा नये."

"अप्पा, अशी गाडी असते का कुठे?" मी म्हटलं.

"बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि बघायला तूच पाहिजेस. साक्षीदार तू."

हे, म्हणजे माझे यजमान, बँकेत होते. त्यांना तर हर्षच झाला. त्यांनी लगेच मोटार शिकवणाऱ्या एका शाळेत नाव घातलं आणि लवकरच लायसन्सही मिळवलं. रोज सकाळी आरशासमोर दाढी करताना डाव्या हातानं हवेत गिअर टाकत.

गाड्या बघायला आम्ही सगळे मिळून जायचो. गोकुळ रोडला जुन्या गाड्या विकणारा एक जण होता, पहिल्यांदा त्याच्याकडे. त्यानं एक चौकोनी डब्यासारखी व्हॅन दाखवली. पुढे नाक नाहीच. दार बाजूला सरकणारं, मधलं बाक मागे तोंड करून, म्हणजे मागच्या बाकावरच्यांशी समोरासमोर गप्पा मारता येतील असं. "कूड्री अक्कारू, कूड्री," म्हणजे बसा ताई, बसा, करत त्यानं मला त्या मधल्या बाकावर बसवलं. नातवंडं समोर, आजीआजोबा समोर, छानच दिसत होतं. पण गाडी निघाल्यावर रस्ता माझ्या पाठीमागून येत होता आणि खिडकीतली झाडं उलटी पळत होती. उणकलचा तलाव यायच्या आत मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडले, पण दार सरकवायला उशीर झाला. विकणाऱ्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. अप्पांनी गाडी धुण्याचे पैसे त्याच्या हातात ठेवले आणि आम्हाला म्हणाले, "ही नको."

दुसरी गाडी अमरगोळच्या एका व्यापाऱ्याची. मोठी होती, उंच होती, भाव बेताचा होता. पण तिच्यातून वर्षानुवर्षं ब्याडगी मिरचीची पोती बाजार आवारात गेली होती. काचा वर केल्या मात्र, अक्कांना पहिली शिंक आली, मग यांना, मग मुलांना, मग अप्पांना. मुलगा तर शिंका मोजत हसून लोळत होता.

"वास जाईल हो दोन पावसाळ्यांत," व्यापारी म्हणाला.

"तोवर आम्ही जाऊ," अप्पा डोळे पुसत म्हणाले.

विशेष म्हणजे त्या गाडीत मला लागलं नाही. शिंकांतून मळमळायला सवडच मिळाली नसावी.

तिसरी गाडी सगळ्यांना पाहताक्षणी आवडली. लांबलचक, मऊ गाद्यांची, आत गारवा. पैसे जास्त होते, पण अप्पा म्हणाले, बघू. सरळ रस्त्यावर माझी परीक्षा होत नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, म्हणून हळियाळच्या रस्त्यानं निघालो. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी. बराच वेळ काही झालं नाही. मागून अप्पा दर थोड्या वेळानं विचारायचे, "कसं वाटतंय?" मी म्हणायची, "बरं वाटतंय." मग सागवानाचं रान सुरू झालं, रस्ता वळायला लागला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते पाणी ज्याला गाडी लागते त्यालाच माहीत. मी हात वर केला. गाडी थांबली.

माझं आवरून झाल्यावर मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. हे हातात पाणी घेऊन उभे. मला रडायलाच आलं. म्हटलं, "अप्पा, पुरे झालं आता. तुम्ही तुमच्या सोयीची गाडी घ्या. मी घरी बरी."

तेव्हा अक्का बोलल्या. त्यांना गुडघ्यांमुळे उतरता येत नव्हतं, त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "ही रोज मोपेडवरून शाळेत जाते. चढ आहे, उतार आहे, वळणं आहेत. तिथं हिला कधी लागलंय?"

"मोपेडवर कसं लागेल, अक्का?" हे म्हणाले.

"का नाही? तुझ्या स्कूटरवर मागे बसली की लागतं की. बाजारातून आली की निम्म्या वेळा तोंड पांढरं असतं. म्हणजे दुसऱ्यानं चालवलं की लागतं, आपण चालवलं की नाही लागत. गाड्या कसल्या बदलताय? हिची जागा बदला."

अक्का आयुष्यात सायकलवरसुद्धा बसल्या नव्हत्या. मी यांच्याकडे पाहिलं. नवंकोरं लायसन्स यांच्या खिशात होतं.

"मग मी काय करायचं?" यांनी विचारलं.

"तू शेंगाचटणी वाढ," अक्का म्हणाल्या.

अप्पा इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. हेसुद्धा हसले, पण थोडे उशिरा. घरी आल्यावर रात्री मी त्यांना म्हटलं, "तुमची हौस आहे, तुम्हीच चालवा. मी नाही शिकत." ते म्हणाले, "मी सरळ रस्त्यावर चालवीन. घाट तुझे." आणि खरंच, पुढची सगळी वर्षं आमची वाटणी अशीच राहिली.

आता गाडीची निवड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मऊ गाद्यांच्या गाडीत मी चालकाच्या जागी बसून पाहिलं. पाय क्लचपर्यंत पोचेना आणि समोरचं लांबलचक नाक कुठे संपतं तेही कळेना. मुलगा म्हणाला, "खाली पाट ठेवूया." ती गाडी बाद झाली. मग मलाच आठवण झाली. मी म्हटलं, "गोकुळ रोडची ती डब्यासारखी गाडी विकली गेली असेल का हो?"

नव्हती गेली. विकणाऱ्यानं मला लगेच ओळखलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. मी पुढचं दार उघडून स्टिअरिंगसमोर बसले. पुढे नाक नसल्यामुळे रस्ता थेट माझ्या गुडघ्यांपाशी सुरू होत होता. पाय टेकत होते. काच मोठी होती. मोपेडला छप्पर घालावं तसं वाटलं मला. मागे सरकतं दार उघडून अक्कांनी पाय आत ठेवला. पायरी बुटकी, त्यामुळे कुणाचा हात न धरता त्या चढल्या आणि ऐटीत बसून म्हणाल्या, "मला हीच पाहिजे." नातवंडं त्यांच्यासमोर तोंड करून बसली. अप्पांनी भाव करायचा म्हणून थोडा केला.

शिकायला मी हे शिकले त्याच मोटारशाळेत गेले. चाळिशीची बाई, पाचवारी साडी, पदर खोचलेला. माळावर सकाळी फिरायला येणारी मंडळी थांबून बघत. मोपेडच्या सवयीनं माझी बोटं ब्रेक शोधत स्टिअरिंगवर आवळायची आणि गाडी आपली पुढेच जायची. शिकवणारे गृहस्थ दोन्ही पायांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आणि म्हणत, "काल्री अक्कारू, काल्री! पाय, पाय!" माझ्या शाळेतल्या शिक्षिका चेष्टा करायच्या. एकीनं मात्र हळूच विचारलं, "फी किती घेतात हो?"

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही समुद्रावर निघालो. धारवाडहून कलघटगी, यल्लापूरपर्यंत यांनी चालवलं. मी शेजारी डोळे मिटून, लिंबू नाकाशी. यल्लापूरला चहा घेतला आणि पुढे अरबैल घाट, म्हणून आम्ही जागा बदलल्या. अक्कांनी पिशवी मांडीवर घेतली. यांनी खिडकीची काच खाली केली. मी पहिला गिअर टाकला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. माझं सगळं लक्ष समोरच्या मालट्रकच्या मागच्या दिव्यांवर होतं. पोट शांत होतं. आणखी बरीच वळणं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कसलाच वास येत नाहीये. पेट्रोलचा नाही, रेक्झिनचा नाही. येत होता तो ओल्या झाडांचा.

रुंद जागा दिसली तशी मी गाडी कडेला घेतली आणि झटकन उतरले. मागे एकच गोंधळ उडाला. हे पाण्याची बाटली घेऊन धावत आले, मुलगी टॉवेल घेऊन.

"लागलं ना? मला वाटलंच होतं," हे म्हणाले.

"काही लागलं नाही," मी म्हटलं. "मला बघायचंय."

खाली दरीत सुपारीच्या बागा होत्या, त्यांच्या मधून एक ओढा, आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर. त्या घाटातून मी पूर्वी कितीतरी वेळा गेले होते. दर वेळी डोळे मिटून. खाली काय दिसतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. मुलीनं सांगितलं होतं, अप्पांनी सांगितलं होतं. पण मी तिथं उभी राहून बघतच राहिले. अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "घाई नाही. समुद्र कुठे जात नाही."

त्या व्हॅननं आम्हाला पुढे खूप फिरवलं. कधी उतारावर ढकलून सुरू केली, कधी पावसात दारातून पाणी आलं, आणि उन्हाळ्यात पुढच्या सीटखालचं इंजिन पायांना भाजून काढायचं. पण तिच्यातली माझी आवडती फेरी म्हणजे अक्कांच्या माहेरची. मिरजेच्या पुढे एक खेडं. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या गेल्याच नव्हत्या. पुढे माझ्याशेजारी बसून त्यांनी वाट दाखवली आणि ती दोनदा चुकली, कारण त्यांच्या खुणेची झाडं कधीच तोडली गेली होती.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सगळे उतरल्यावर अक्कांच्या वहिनी बाहेर आल्या; गाडी कुणी चालवली ते त्यांनी पाहिलं नव्हतं. नणंदेला मिठी मारून झाली, रडणं झालं, आमची आणि मुलांची विचारपूस झाली. मग पानं मांडताना त्यांनी आतून हाक दिली, "अहो वन्सं, ड्रायव्हरचं पान पडवीत वाढू ना?"

अक्का पाटावर बसल्या होत्या. त्यांनी शेजारचा पाट हातानं पुसला आणि मला खुणेनं बोलावलं.

"ड्रायव्हर इथं बसेल," त्या म्हणाल्या. "सून आहे माझी. तिला आधी वाढ, ती दमली आहे."