ऑइल वाढवणारा ट्रक

माझी वहिनी लग्न होऊन आली, तेव्हा आमच्या दारात आधीच एक ट्रक उभा होता. जुना, डिझेलचा, सकाळी सुरू होताना कुरकुर करणारा. पहिल्याच आठवड्यात वहिनीने त्याला नाव दिलं, 'थोरल्या जाऊबाई'. "आधी आल्यात, मान त्यांचा," असं म्हणून रोज जाता-येता त्याच्यावरची धूळ झटकायची.

दादा त्या ट्रकमधून आमच्या रोपवाटिकेतली रोपं पोचवायचा. वहिनीचं माहेर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं. पाना हातात धरायला ती चमच्याच्या आधी शिकली असावी. ट्रक चालवायचा परवानाही तिने हट्टाने काढून ठेवला होता. त्यामुळे दादा शिडीवरून पडला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा काम अडलं नाही. वहिनी स्टिअरिंगवर, मी शेजारी. माझं काम रोपं सांभाळायचं आणि न थकता बोलायचं.

तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंना चढावर दम लागायला लागला. सपाट रस्त्यावर सगळं ठीक, चढ दिसला की मान टाकायच्या. टेकडीवरच्या शाळेला तीनशे रोपं द्यायची होती. निम्म्या चढावर ट्रक जो थांबला तो पुढे जाईचना. वहिनीने तो तसाच मागे मागे खाली आणला. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"वन्सं, तुम्ही डोळे मिटल्यावर ब्रेक जास्त चांगला लागतो का?" ती म्हणाली.

नाक्यावरच्या मिस्त्रींनी आवाज ऐकूनच निदान केलं. "इंजिन बसलंय, वहिनी. खोलावं लागेल. पंधरा दिवस तरी धरा."

घरी येऊन वहिनीने बॉनेट उघडलं आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग नाकाशी धरली.

"अहो," तिने खाटेवरच्या दादाला हाक मारली, "ऑइल कधी घातलं होतं?"

"तीन महिने झाले. का, कमी झालंय?"

"वाढलंय."

"मग चांगलंच आहे की! घरच्या घरी तयार होतंय!"

वहिनी हसली नाही. तिने पट्टी माझ्या नाकापुढे धरली. डिझेलचा वास, आणि ऑइल पाण्यासारखं पातळ. "घरात माणसं तीन आणि ताटं चार उष्टी, म्हणजे कुणीतरी येऊन जेवून गेलंय," ती म्हणाली. "डिझेल ऑइलमध्ये शिरतंय. कुठून ते बघायचं."

इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा एक पंप होता. टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो, तो वरखाली होतो म्हणून डिझेल चालतं, असं वहिनीने मला समजावलं. पडदा फाटला, की थोडं डिझेल पुढे जातं आणि थोडं खाली ऑइलमध्ये गळतं. चढावर इंजिनाला जास्त लागतं, नेमकं तेव्हाच उपाशी राहतं.

"पंप बरा आहे गं," दादा खाटेवरून ओरडला. "मागच्याच्या मागच्या वर्षी मी स्वतः पुसलाय!"

सकाळी तिने डिझेलच्या नळ्या सोडवल्या, त्यांच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबले आणि दोन बोल्ट काढून पंप हातात घेतला. तो घेऊन आम्ही सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या मागे पाहिलं.

"ड्रायव्हर कुठाय?"

"समोर उभा आहे," वहिनी म्हणाली. त्याने नवा पंप काढून दिला, मध्ये बसवायच्या कागदी पॅकिंगसकट.

खरी गंमत बसवताना झाली. जुनं पॅकिंग खरवडून जागा लख्ख केली, नवं लावलं, पण पंप बोटभर अंतर ठेवून अडायला लागला. मी म्हटलं, "बोल्ट आवळ, बसेल आपोआप."

"बोल्ट बसतो तो कान तुटेल त्याचा." ती बराच वेळ त्या भोकात बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "इंजिनात फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा नेमका वर आलाय, तोच पंपाच्या दांडीला ढकलतोय. मशीनची सुई अडली तर आपण काय करतो? चाक हाताने फिरवतो."

गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ते तिने दोनदा तपासलं. पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावून आम्ही दोघी त्याला लोंबकळलो. इंजिन हूं की चूं करेना. मग हळूच फिरलं. पंप अलगद जागेवर बसला. पातळ झालेलं ऑइल काढून नवं भरलं. नळ्या जोडल्या.

पहिल्यांदा चावी फिरवली, तर नुसतं घर्रघर्र.

"इंजिन खोलावंच लागणार," दादा म्हणाला.

"अहो, नळ्यांत हवा आहे. तुम्ही जरा दम धरा, जाऊबाईंना धरवत नाहीये." वहिनीने फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला. मी पंपाची हातदांडी दाबत बसले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळला. दुसऱ्या खेपेला इंजिनाने असा आवाज दिला, की दादा प्लास्टरसकट टाळ्या वाजवत उठून बसला आणि लगेच "आई गं" म्हणून आडवा झाला.

शाळेचा चढ आम्ही न थांबता चढलो. मी मुद्दाम डोळे उघडे ठेवले. रोपं उतरवून येताना वहिनीने ट्रक मिस्त्रींच्या दारात उभा केला आणि जुन्या पंपातून काढलेला फाटका पडदा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला, फटीतून आमच्याकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटले.

"वहिनी, मी खरंच सगळं इंजिन खोललं असतं! आणि मग म्हणालो असतो, आत काही सापडत नाही."

"मग सापडेपर्यंत चहा तरी पाजला असता," वहिनी म्हणाली.

त्यांनी तेव्हाच चहा सांगितला. तो आला तेव्हा आत गॅरेजमध्ये एक ट्रॅक्टर सुरू होत नव्हता, म्हणून वहिनी उठून बघायला गेली. तिचा चहा निवला. शेवटी मीच प्यायले.