मास्तर तरटावर बसायचे

लहानपणी मी इतका मार खाल्ला आहे, की एखादा म्हातारा "मास्तरांनी बडवून काढलं म्हणून आम्ही माणसात आलो" असं कौतुकानं सांगू लागला की माझं डोकंच फिरतं. मी त्याच काळातला. माणसात आलो की नाही ते माझ्या घरच्यांना विचारा. पण मार कशानं बसतो आणि कुणाच्या समाधानासाठी बसतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

आम्ही वलगावचे, काळ्या जमिनीचे शेतकरी. दूर कुठंतरी गोऱ्या लोकांच्या मुलखात लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावातल्या बैलांच्या शिंगांवर चांदीची टोपणं चढली, माझ्या बापाच्या डोक्यावर जरीचं पागोटं आलं. पण कागदावर सही करायची वेळ आली की तो पहिल्यासारखाच नांगराची निशाणी काढायचा. अडत्याचे कारकून त्या नांगराकडे पाहून गालातल्या गालात हसत, आणि ते हसणं त्याला फार लागे. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा त्यानं मला गाडीत घातलं, अमरावतीला मामाच्या घरी आणून सोडलं आणि सरकारी शाळेत माझं नाव घातलं.

शाळा कापसाच्या बाजाराला लागून, भाड्यानं घेतलेल्या एका लांब खोलीत भरे. भिक्षुक आणि वकिलांची मुलं पुढं, आमच्यासारखी खेड्यातली मागं, आणि सगळ्यांना बसायला तरट. आमचे पहिले पंतोजी जुन्या वळणाचे. उशीर झाला, छडी. पाढा चुकला, छडी. शेजाऱ्याशी बोललं तर कोलदांडा. म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायला लावून हात त्यांच्याभोवती बांधायचे, मधून काठी घालायची आणि पोराला गाठोड्यासारखं कोपऱ्यात लोटून द्यायचं. मी निमकीचे, म्हणजे अर्ध्याचे पाढे त्या कोपऱ्यातच शिकलो. माणूस दुष्ट नव्हता. मला ताप आला तेव्हा मामाच्या घरी काढा घेऊन आले होते. पण मुलाला मारण्यापलीकडे त्याचं आणखी काही करता येतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नसावं. बैलाला वेसण घालतानासुद्धा माणूस आधी त्याला गोंजारतो. आम्हाला तेवढंही नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं आम्हालाही वाटत नव्हतं.

ते म्हातारपणामुळे घरी बसले आणि त्यांच्या जागी अकोल्याहून एक तरुण मास्तर आले. मूळचे पुण्याकडचे. बोलणं इतकं मऊ की आम्हाला ते आजारी वाटले. शाळेची छडी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पळवली, तर त्यांनी ती शोधलीसुद्धा नाही. हे मारत नाहीत अशी खात्री पटल्यावर आम्ही मोकाट सुटलो. मी सगळ्यांच्या पुढं. बाजारातून मूठभर सरकी आणायची आणि मास्तर फळ्याकडे वळले की पुढच्या पोरांच्या शेंड्यांवर नेम धरायचा, हा माझा धंदा. एकदा नेम चुकला आणि सरकी मास्तरांच्याच मानेवर बसली.

ते वळले. सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे विचारायचा प्रश्नच उरला नाही. ते जवळ आले, मी सवयीनं हात पुढं केला. त्यांनी तो हात धरून मला फळ्याकडे नेलं आणि खुर्चीवर बसवलं. स्वतः जाऊन माझ्या जागी, तरटावर, मांडी घालून बसले.

"आज तू शिकव," म्हणाले.

"काय शिकवू?"

"तुला येतं आणि मला येत नाही, असं काहीही."

पोरं खिदळत होती. मला घाम फुटला. मग मला एकदम सुचलं. "तुमाले कापूस पारखता येते का?"

"नाही बुवा."

मला तर पाळण्यात असल्यापासून येत होतं. खिशात कापूस होताच. चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळू कशी ओढायची, तुटताना तंतू किती लांब निघतो ते कसं पाहायचं, ते मी दाखवलं. मास्तरांची चिमूट पहिल्यांदा तशीच तुटली. मी म्हटलं, "अंहं, असं नाई!" आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण मी ते रागावून म्हटलं नव्हतं.

पुढं हा परिपाठच पडला. जो दंगा करील त्यानं खुर्चीवर बसायचं आणि मास्तरांनी तरटावर. एका भटजींच्या मुलानं पत्रावळ लावायला शिकवली. एकानं तरटावर पालथं पडून पोहायचे हात मारून दाखवले आणि मास्तरही शेजारी पालथे पडले. खुर्चीवर बसलं की समोरची पोरं कशी दिसतात, कोण ऐकत नाही, ते कसं झोंबतं, हे आपोआप कळायचं. मी सरकी मारणं सोडलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मला लाज वाटू लागली म्हणून. इतका सुखाचा काळ मला शाळेत पुन्हा कधी मिळाला नाही.

त्या दिवशी ऐन हंगाम होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली, अर्धी पोरं वेचणीला गेल्यामुळे वर्ग विरळ. मी कुणाला तरी चिमटा काढला होता, म्हणून मी खुर्चीवर. वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी मारतात, ते कसं ओळखायचं हे माझं शिकवणं चाललं होतं. "हाताले नाई कळत, मास्तर. गालाले लावून पाहा." मास्तरांनी कापूस गालाला लावला आणि नीट कळावं म्हणून डोळे मिटले.

आणि दारात माझा बाप उभा होता.

गाडी बाजारात उभी करून तो मला पाहायला आला होता. हातात गुळाची पुडी. त्याला दिसलं ते असं, की त्याचं पोरगं खुर्चीवर पाय हलवत बसलं आहे आणि ज्याच्या पायाशी त्या पोरानं बसायचं तो माणूस खाली तरटावर. त्याचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यानं मला बखोट धरून खाली ओढलं. मग डोक्यावरचं पागोटं काढून मास्तरांच्या पायावर ठेवलं.

"पोट्टं चुकलं, मास्तर. याले मारा. माह्या डोयासमोर मारा."

मास्तर उठून उभे राहिले. "अहो, मीच त्याला बसवलं. त्याची काही चूक नाही. आणि मी मुलांना मारत नाही."

"काहून नाई मारत?"

मास्तरांनी समजावलं. भिऊन पाठ केलेलं टिकत नाही, मुलाला आपली किंमत कळली की तो आपोआप वळणावर येतो, वगैरे. बापानं सगळं ऐकून घेतलं. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "आपल्या पोट्ट्याले माणूस मारते, मास्तर. लोकाच्या पोट्ट्याले नाई मारत. तुमी याले आपलं समजतच नाई, मंग मी याले इथं काहून ठेवू? वेचणीले हात पायजेतच. चाल रे, बस गाडीत."

तो चेष्टा करत नव्हता. मला पक्कं ठाऊक होतं, आज गाडीत बसलो तर पुन्हा ही शाळा दिसायची नाही. मास्तरांनाही ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढं केला.

वर्गात छडी नव्हती. तीन पोरं आपणहून पळत बाहेर गेली आणि निंबाचा ओला फोक तोडून घेऊन आली. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. मास्तरांनी तीन फोक मारले. ज्याला मारायची सवय नसते त्याला किती मारावं ते कळत नाही. जुन्या पंतोजींची छडी तळव्यावर नेमकी बसायची, हे फटके मनगटावर बसले आणि चांगले वळ उठले. तिसऱ्याला बापच म्हणाला, "बस झालं." त्यानं पागोटं उचललं, मास्तरांच्या पाया पडला, गुळाची पुडी त्यांच्यापुढं ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शिक आता," म्हणाला. मनावरचं ओझं उतरल्यासारखा हसत तो गाडीकडे गेला.

त्याच्यावर मी कधी रागावू शकलो नाही. त्याच्या मते त्यानं माझी शाळा वाचवली होती, आणि खरं सांगायचं तर वाचवलीच होती.

मास्तरांनी फोक खिडकीतून टाकून दिला. धोतराला हात पुसले. मग पुन्हा येऊन माझ्या जागी तरटावर बसले, मांडी घातली आणि मला म्हणाले, "हं, आपण कुठवर आलो होतो? गालाला लावल्यावर गार लागलं तर पाणी मारलेलं. पुढं?"

मी भिंतीशी उभाच राहिलो.

"ये ना. बस खुर्चीवर."

मी मान हलवली. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. कुणी उठेना. आता ते आमच्या ओळखीचे, मारणारे मास्तर झाले होते आणि ओळखीचे मास्तर खाली बसलेले विचित्र दिसत होते. मागून कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले. मास्तर तरटावर एकटेच वर पाहत बसले होते, आणि दुखरं मनगट काखेत धरून मीही सगळ्यांबरोबर हसलो.