गुंडोपंतांबरोबरचे रविवार

गुंडोपंतांची आणि माझी शेवटची भेट इस्पितळात झाली, तो रविवार होता. खाटेशेजारच्या स्टुलावर मी तासभर बसलो. ते खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते, म्हणून मीही तिकडेच पाहत राहिलो. निघताना त्यांनी माझा हात नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ धरून ठेवला... मी काही विचारले नाही. त्याच आठवड्यात ते गेल्याचा निरोप कचेरीत आला.

हे मौन आमच्या अंगवळणी पडले होते. आम्ही दोघे एकाच कचेरीतले कारकून. वर्षानुवर्षे रविवारी पहाटे पाखरे बघायला बरोबर निघायचो. कधी किल्ल्याच्या बागेत, कधी कंबर तलावावर, कधी हिप्परग्याच्या तलावाच्या बांधावर, आणि हिवाळ्यात दूर नान्नजच्या माळावर. पहिल्याच फेरीत मी साहेबांच्या बदलीविषयी काही बोलू लागलो आणि पाण्यावरची चक्रवाकांची जोडी उडाली. गुंडोपंत रागावले नाहीत. ओठांवर बोट ठेवून मंद हसले. तेव्हापासून शहर मागे पडले की बोलणे बंद, हा नियमच झाला. माळावर एकदा एका मेंढपाळाने आम्हांला हटकले, "काय हरवलंय का पावनं? मघाधरनं काय हुडकताय?"

"पाखरं," गुंडोपंत कुजबुजले.

"खायाला व्हय?"

"नाही, बघायला."

त्याने आम्हांला आपादमस्तक न्याहाळले. "घरी बायका लई भांडत्यात वाटतं!"

त्या दिवशी गुंडोपंत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुष्काळाच्या वर्षी कंबर तलावाचा तळ उघडा पडून भेगाळला. एक पाखरू नव्हते, तरी आम्ही बोललो नाही. उडून जायला काहीच उरलेले नसताना आपण गप्प का आहोत, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. आता तो शिवतो. आपला आजार त्यांना ठाऊक होता का? भीती वाटत होती का? हात धरला तेव्हा काही सांगायचे होते का?

हे विचारावे म्हणूनच दिवसकार्य आटोपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. इंदिरावहिनींनी चहा पुढे ठेवला आणि मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? शेवटी शेवटी हे तुमच्याजवळ काय बोलायचे हो?"

उचललेला कप मी खाली ठेवला.

"घरात अवाक्षर नसायचं. मी म्हणायची, असू दे, रविवारी भावोजींजवळ मन मोकळं करतात की. तेवढ्यावर निभावलं मी."

'तुमचीच काळजी करायचे,' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते खरेही असेल... पण मला ठाऊक नव्हते.

"आम्ही बोलत नव्हतो, वहिनी," मी म्हणालो. "मला वाटायचं, ते घरी बोलत असतील."

चहावर साय धरली. त्या म्हणाल्या, "मग कुठं गप्प बसायचे, ते तरी दाखवा."

पुढच्या रविवारी मी त्यांना कंबर तलावावर नेले. बांधावरचा सपाट दगड दाखवला; उजवीकडे ते बसायचे, डावीकडे मी. वहिनी डावीकडे टेकल्या. पदर सावरून, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे वळून त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या... धाकटीच्या स्थळाविषयी, गळक्या पत्र्याविषयी. ते शब्द माझ्यासाठी नव्हते. ऐकू येणार नाहीत, इतका मी दूर जाऊन उभा राहिलो.