खमीरचं लाटणं आणि मास्तरांची बाटली

आमच्या इमारतीत कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला विचारावं. मला ठाऊक नसलं तर आमच्या हिला विचारावं, आणि तिलाही ठाऊक नसलं तर त्या घरी त्या दिवशी शेगडी पेटलीच नाही असं खुशाल समजावं. त्यामुळे समोरच्या दारातला खमीर औषधांच्या दुकानातून इसबगोलाचे डबेच्या डबे आणतोय, ही बातमी तो जिना चढून वर यायच्या आत आमच्याकडे पोचली होती.

"बिचाऱ्याचं पोट साफ होत नसेल," ही कळवळली.

"एवढ्या इसबगोलात अख्ख्या इमारतीचं होईल," मी म्हटलं.

खमीर हे त्याचं टोपणनाव. जन्मभर बेकरीत भट्टीवर उभा राहिला, आणि स्वभावही तसाच, जरा ऊब मिळाली की फुगला. वहिनी त्याच बेकरीत काउंटरवर. सकाळी क्रोसाँचा, म्हणजे लोण्याच्या पदरांच्या त्या चंद्रकोरी पावांचा, पहिला ट्रे निघाला की त्यातल्या एकाचं शेपूट वहिनी मोडून खाणार. जमलं असेल तर उरलेलं स्वतःच्या डब्यात घालून काउंटरखाली दडवणार. नसेल तर मुकाट खमीरच्या हातात परत. तोंडानं एक अक्षर नाही. दोघांचं लग्न त्या डब्यातच ठरलं, असं आमची ही सांगते, आणि असल्या बाबतीत ती चुकत नाही.

मग वहिनींचं पोट बिघडत बिघडत हॉस्पिटलपर्यंत गेलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, गव्हातलं ग्लुटेन तुम्हाला सोसत नाही, मैद्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. त्यानंतर एकदा कुणीतरी "अहो, ह्यात काही नाही हो" म्हणून आग्रहानं पाजलेल्या सूपनं त्यांना पुन्हा आडवं केलं. तेव्हापासून वहिनी स्वतःच्या हातचं सोडून कुणाचं काही खात नाहीत, नवऱ्याचंसुद्धा नाही. खमीरनं बेकरीच सोडली. "शेपूट मोडायला कुणी नाही, तर भाजू कुणासाठी?" म्हणाला.

आणि आता हा इसबगोल! साखरेची वाटी घेऊन मी चौकशीला गेलो. घरी साखर भरपूर होती, तो भाग वेगळा.

खमीर कोपरापर्यंत पिठात, वहिनींसाठी बिनमैद्याचे क्रोसाँ करायला निघालेला. "मैदा कसा, ताणला की ताणतो," तो तावातावानं सांगू लागला. "हे तांदळाचं पीठ ताणलं की टरकन फाटतं. मग इसबगोल भिजवून घालायचा, तो धरून ठेवतो. आणि लोणी गार पाहिजे, बाबा! वितळलं की पदर गेले!"

पहिल्या खेपेला लोणी ट्रेभर वाहिलं आणि क्रोसाँ त्यात पोहत राहिले. दुसऱ्या खेपेचा एक खालच्या मजल्यावरचे मास्तर दाराला अडसर म्हणून घेऊन गेले. हे मास्तर म्हणजे इमारतीच्या प्रत्येक बैठकीत दारूच्या दुष्परिणामांवर बोलणारे. विषय पाण्याच्या टाकीचा असला तरी.

पण त्या रविवारी सकाळी समोरचं दार धाडकन उघडलं आणि खमीर जिन्यात ओरडला, "फुगले! अरे, फुगले!"

आम्ही होतो तसे धावलो. मास्तर बनियनवर आले. ट्रेमध्ये सोनेरी, गुबगुबीत, पदर सुटलेले क्रोसाँ! खमीर लहान पोरासारखा नाचत होता. "वहिनी, घ्या! शेपूट मोडा!" आम्ही सगळे एकदम.

वहिनींनी एक उचलला. "चाळण?"

"नवी आणली गं. ट्रे नवा, पोळपाट नवा, फडताळं घासून काढली. मैद्याचं नावसुद्धा उरलं नाही घरात!"

वहिनींनी क्रोसाँ तोंडाशी नेला. आणि थांबल्या. "अहो, ते लाटणं कुठलं?"

ओट्यावर खमीरचं बेकरीतलं लाकडी लाटणं आडवं पडलं होतं. खमीरचा चेहरा ट्रेमधल्या पहिल्या खेपेसारखा सपाट झाला. त्यानं घरातला चमचा न् चमचा बदलला होता, पण लाटणं ही बदलायची वस्तू आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्वतःचा हात कुणी नवा आणतो का? त्यानं सुरीचं टोक लाटण्याच्या भेगेत घातलं. पांढरी भुकटी निघाली. जन्मभराचा मैदा.

वहिनींनी क्रोसाँ अलगद खाली ठेवला. "तुम्ही सगळे खा. पण जिन्यात. आणि हात धुतल्याशिवाय आत पाऊल नको."

जिन्यात उभं राहून आम्ही ते खाल्ले. काय सांगू, अपराधी वाटत होतं, पण दुसराही घेतला.

परत आलो तो वहिनी ओटा आणि ट्रे घासत होत्या आणि खमीर फ्रीजसमोर खांदे पाडून बसलेला. फ्रीजमध्ये एक गोळा अजून तसाच होता, लाटणं न लागलेला. नवा पोळपाटही एक जादा होता. "पण लाटू कशानं?" तो पुटपुटला.

"काचेच्या बाटलीनं," वहिनी म्हणाल्या. "लांब, सरळ, गुळगुळीत. कुणाकडे आहे?"

मग मास्तर घसा खाकरून खाली गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आले. "पाहुणे विसरून गेले होते," म्हणाले.

"पाहुणे रोज थोडी थोडी विसरत होते वाटतं," ही म्हणाली. बाटली निम्मी रिकामी होती.

उरलेलं सिंकमध्ये ओतून टाकलं, असं मास्तर सांगतात. सिंकचं म्हणणं वेगळं असावं, कारण त्या दुपारी मास्तरांनी मला दोनदा मिठी मारली.

बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन वहिनींनी त्यात बर्फाचं पाणी भरलं, आणि तिथेच खमीरचे डोळे चमकले. लाकूड हाताबरोबर गरम होतं, ही काच गारच राहते! लोणी हलेना. लाटलं, घडी घातली, फ्रीजमध्ये, पुन्हा लाटलं. आम्ही दारातून पाहत होतो. आत यायची परवानगी नव्हती, बोलायची होती, ती आम्ही पुरेपूर वापरली. "खमीर, कडा फाटतेय!" "तू गप रे!"

संध्याकाळी ट्रे निघाला. सकाळचे क्रोसाँ ह्यांच्यापुढे झोपलेले म्हणायचे.

वहिनींनी एकाचं शेपूट मोडलं. कुर्रर्र असा आवाज दारापर्यंत आला. त्या चावत राहिल्या. ही माझ्या दंडाला नखं रुतवत होती.

"मीठ कमी पडलं का गं?" खमीरला राहवेना.

वहिनींनी फडताळातून एक डबा काढला, उरलेला क्रोसाँ आत ठेवला, घट्ट झाकण लावलं आणि डबा ओट्याखाली सरकवला.

खमीर तिथेच मटकन बसला आणि हसायला लागला.

लाटणं आता मास्तरांच्या दाराला अडसर आहे. बाटली खमीरच्या फ्रीजमध्ये असते. मास्तरांनी ती अजून परत मागितलेली नाही. माझ्यादेखत तर मागणारच नाहीत.